स्तोइलने हॉर्न दिला होता

"मावशी, आज गॅरेज उघडू नका. मी येतोय."

फोनवर इन्स्पेक्टर ल्युबेन होता. रुसालिनाने फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने शटर वर लोटलं. मुद्दाम जोरात, त्याला खडखडाट ऐकू जावा म्हणून.

"उघडलं," ती म्हणाली. "आता ये खुशाल."

दहा मिनिटांत तो आला. टोपी काढून हातात धरली, पण बसला नाही. दोल्ना रेका गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारं हे एकच गॅरेज होतं. ल्युबेनची पोलिसगाडीसुद्धा दर हिवाळ्यात इथेच यायची. त्याने टेबलावर एक कागद ठेवला आणि कागदावर पेन.

"इंजिनिअर मेतोदींचा अहवाल आलाय. स्तोइलच्या व्हॅनचा हॉर्न वाजत नाही. दहा दिवसांपूर्वी तो तुम्ही दुरुस्त केला होतात."

"केला होता. इथून निघताना म्हाताऱ्याने तो इतक्यांदा वाजवून बघितला की शेजारची न्हावीण भांडायला आली."

"अहवालात म्हटलंय, दुरुस्ती सदोष होती. त्यामुळे वळणावर हॉर्न वाजला नाही, समोरचा ट्रक थांबला नाही आणि व्हॅन खाली गेली."

मंगळवारची ती हकीकत एव्हाना गावात सगळ्यांना पाठ झाली होती. बहात्तर वर्षांचा स्तोइल रोज सकाळी पावांनी भरलेली व्हॅन घेऊन घाटातून वर बुकोवोला जायचा. बुकोवोत आता बावीस म्हातारी माणसं उरली आहेत आणि दुकान एकही नाही. घाटात एक वळण असं आहे की कड्यापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. वर चढणाऱ्याने तिथे तीनदा हॉर्न द्यायचा. उतरणाऱ्याने तो ऐकला की अलीकडेच, झऱ्यापाशी रस्ता रुंद आहे तिथे, थांबून वाट द्यायची. मंगळवारी दाट धुकं होतं. यावोर नावाच्या ड्रायव्हरचा लाकडांनी भरलेला ट्रक वरून आला आणि थांबलाच नाही. स्तोइलने व्हॅन बाहेरच्या अंगाला काढली. ती पंधरा मीटर खाली घसरून झाडांत अडकली.

"सही केली तर काय होईल?" रुसालिनाने विचारलं.

"दंड होईल. सहा महिने गॅरेज बंद. पण स्तोइल सुटतो. हॉर्न बंद आहे हे त्याला कसं कळणार?"

"आणि नाही केली तर?"

ल्युबेनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तर दुरुस्ती चांगली होती असा अर्थ होतो. म्हणजे हॉर्न नंतर बिघडला आणि तो तशीच गाडी हाकत राहिला. लायसन्स जाईल, खटला उभा राहील. या वयात."

"म्हणजे मी, नाहीतर तो. ट्रकवाला यात कुठेच नाही?"

"न वाजलेल्या हॉर्नला तो काय थांबणार, मावशी? त्याने काही ऐकलंच नाही."

रुसालिनाने पेन उचललं, ते ल्युबेनच्या खिशाला लावलं आणि कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

"मला उद्या संध्याकाळी फाइल सरकारी वकिलांकडे पाठवायची आहे," तो म्हणाला. "विचार करा."

"केला."

*

इस्पितळात स्तोइलचा पाय वजन लावून टांगलेला होता. बरगड्या आवळून बांधल्या होत्या. रुसालिनाने नेलेली दह्याची बरणी त्याने उशाशी ठेवून घेतली, पण आधी विचारलं, "सही केलीस का?"

"नाही."

"मग बस."

ती बसली. "काका, मी सही केली तर तुमच्यावर काही येत नाही."

"आणि स्तोइल हॉर्न न देता वळणावर घुसला, हे कायमचं कागदावर राहतं. नको. पाय मोडलाय, तेवढं मोडणं बास."

"मग वळणापासून सगळं सांगा. हॉर्न दिलात?"

"तीनदा."

"सवयीने हात दाबला गेला असेल, असं म्हणतील. आवाज आला होता?"

"आला होता. दुसऱ्या हॉर्नला कड्यावरचे कावळे उडाले. धुक्यात दिसले नाहीत, पण ओरडलेले ऐकले." तो जरा थांबला. बोलताना बरगडी दुखत होती. "तो छोटा डॉक्टर म्हणतो, डोक्याला मार आहे, आठवणीवर विसंबू नका. मी म्हटलं, बाळा, तुझ्या आजीला कसला पाव आवडायचा ते सांगू का?"

"पडल्यावर काय झालं?"

"पाय अडकला होता. हॉर्न वाजवायला गेलो, तर हात स्टीअरिंगपर्यंत पोचेना. लाल त्रिकोणाचं बटण बोटाला लागलं. चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करतात ते. तेवढं दाबलं. पुढचं काही आठवत नाही."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कान देऊन ऐकत होता, त्याच्याकडे तिने बघितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

"वर पाव कोण नेतंय आता?" स्तोइलने विचारलं.

"कोणी नाही."

"तिसरा दिवस आज." त्याने मान भिंतीकडे फिरवली. "एकतीस वर्षांत तीनच दिवस चुकले होते. गेल्या मार्चमध्ये. तेरा, चौदा, पंधरा. दरड कोसळून रस्ता पुरता बंद झाला होता तेव्हा. यावोरने वरच्या बाजूने ट्रक लावला, तीन दिवस साखळीने दगड ओढले, तेव्हा कुठे वाट झाली. पोरगा वाईट नाही गं."

"नसेल. पण खोटं बोलतोय."

"ते मलाही कळतंय. का बोलतोय, ते तू बघ."

*

पोलिसांच्या आवारात व्हॅन एका बाजूला चेपलेलं नाक घेऊन उभी होती. आतून अजून पावाचा वास येत होता.

"अर्धा तास," ल्युबेन म्हणाला. "माझ्यासमोर. आणि हे मी करू देतोय हे कुठे बोलू नका."

"बोलायची वेळ आली तर तूच बोलशील." रुसालिनाने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "व्हॅन सापडली कशी ते सांग."

"यावोरच्या फोनला रेंज नव्हती. तो वर चालत गेला, तिथून कळवलं. मला पोचायला पाऊण तास लागला. धुक्यात दरीतलं काही दिसत नव्हतं. खाली पिवळे दिवे उघडझाप करत होते, त्यांच्या रोखाने उतरलो. ते नसते तर दुपार झाली असती. स्तोइलला वर काढल्यावर मीच ते बटण दाबून दिवे बंद केले. म्हटलं बॅटरी उतरायला नको."

"म्हणजे तू येईपर्यंत यावोर व्हॅनपाशी एकटा होता."

"होता. तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काही नाही. त्यानंतर?"

"क्रेनने ओढून इथे आणली. मी मागेच होतो. फाटकाला कुलूप माझं, चावी माझ्या खिशात. बुधवारी मेतोदीसाहेब येऊन तपासून गेले."

"तू होतास जवळ?"

"सुरुवातीला. मग त्यांनी मला ट्रकचे कागद आणायला पाठवलं."

रुसालिनाने किल्ली फिरवून हेडलाइट लावला. फुटक्या काचेमागे दिवा स्वच्छ पेटला. बॅटरी ठीक होती. तिने स्टीअरिंगवर तळवा दाबला. काही नाही, साधी टिकसुद्धा नाही.

मग ती पुढे गेली. चेपलेल्या बाजूला बॉनेट अर्धंच उघडत होतं. हॉर्न दुसऱ्या अंगाला, धडधाकट होता. दहा दिवसांपूर्वी तिने दिलेला जोड काळ्या पट्टीत गुंडाळलेला, जसाच्या तसा. तिने पट्टी सोडली, जोड ओढून बघितला, पुन्हा पट्टी गुंडाळली. बॅटरीतून थेट एक वायर आणून हॉर्नला टेकवली.

हॉर्न असा ओरडला की ल्युबेन दोन पावलं मागे सरला.

"हॉर्न जिवंत आहे," ती म्हणाली. "त्याच्यापर्यंत करंट येत नाहीये."

तिने टेस्ट लॅम्प घेऊन वायर मागे मागे तपासत नेली. कुठे कापलेली नव्हती, सोललेली नव्हती. शेवटी ती डॅशबोर्डखाली आडवी झाली. फ्यूजच्या डब्याचं झाकण कधीच हरवलेलं, त्यामुळे कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. तिला मात्र पाठ होतं. तिने एक निळा फ्यूज उपटून उजेडाकडे धरला. आतली पट्टी मधोमध तुटून काळी पडली होती.

"उडालेला," ल्युबेन वाकून म्हणाला. "मेतोदीसाहेबांनी हेच लिहिलंय. वाईट जोडामुळे फ्यूज उडाला."

रुसालिनाने खिशातून तसलाच नवा निळा फ्यूज काढून लावला आणि स्टीअरिंग दाबलं. हॉर्न वाजला. तिने पुन्हा दाबलं. वीस वेळा दाबलं. समोरच्या पोस्टातून एक बाई बाहेर येऊन उभी राहिली.

"नवा फ्यूज टिकला," रुसालिना म्हणाली. "जोड वाईट असता, कुठे शॉर्ट असता, तर हाही उडाला असता."

"तेव्हा शॉर्ट असेल, आता नसेल."

"शॉर्ट आपोआप बरा होत नाही, ल्युबेन. ती काय सर्दी आहे?"

तिने फ्यूज पुन्हा काढला आणि एकेक बटण दाबून त्याच्यावर आणखी काय चालतं ते पाहून घेतलं. हॉर्न, छतातला दिवा आणि लाल त्रिकोणाच्या बटणावर लागणारे ते चार इंडिकेटर. जुन्या गाड्यांत अशी काटकसर असते. फ्यूज लावून बघितला, काढून बघितला. मग उडालेला फ्यूज कागदात गुंडाळून ल्युबेनला दिला.

"हा जपून ठेव. आणि मला यावोरचा जबाब दाखव."

जबाब अर्ध्या पानाचा होता. 'मला हॉर्न ऐकू आला नाही. मी बेफिकीर नव्हतो. झऱ्यापासूनच ब्रेक दाबत उतरत होतो.' मागे ट्रकच्या तपासणीचं प्रमाणपत्र जोडलेलं. तारीख चौदा मार्च. दिवे ठीक, टायर ठीक, ब्रेक ठीक. खाली मेतोदीची सही आणि शिक्का. जिल्ह्याच्या या भागात गाड्या तपासणारं केंद्र एकच, इथलं, आणि त्याचा प्रमुख तोच. अपघाताच्या प्रकरणात तज्ज्ञ म्हणूनही त्यालाच बोलावतात.

रुसालिनाने ते पान दोनदा वाचलं.

"ट्रक कुठे आहे?"

"वर लाकडांच्या तळावर. त्याला कशाला अडवायचं? उद्यापासून परत लाकडं भरणार."

*

शुक्रवारी सकाळी तिने गाडी झऱ्यापाशी लावली आणि वळणापर्यंत चालत गेली. ब्याण्णव पावलं. झऱ्यापाशी परत येऊन खालच्या बाजूला बघितलं. ऊन होतं, आकाश निरभ्र होतं, तरी फक्त कडा दिसत होता.

यावोर घाटाच्या पायथ्याच्या खाणावळीत भेटला. पुढ्यात घेवड्याचं सूप होतं आणि त्यावर साय धरली होती. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. ती समोर येऊन बसली तेव्हा त्याने चमचा हातात घेतला.

"काकू, मला सगळं पोलिसांना सांगून झालंय."

"वाचलं मी. व्हॅन पडल्यावर खाली उतरला होतास?"

"उतरलो. माझं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं. मग रेंज शोधायला पळालो."

"गाडीतल्या कशाला हात लावलास?"

"दाराला. उघडेना."

"झऱ्यापासून वळणापलीकडचं दिसतं?"

"नाही."

"धुक्यात?"

"धुक्यात स्वतःचं बॉनेट दिसत नव्हतं."

"मग झऱ्यापाशी ब्रेक का दाबलास? रोज दाबतोस?"

"नाही, हॉर्न आला तरच..."

तो थांबला. खाणावळीतल्या बाईने आतून रेडिओ लहान केला.

"ब्याण्णव पावलं आहेत," रुसालिना हळू आवाजात म्हणाली. "झऱ्यापासून ब्रेक दाबला तर भरलेला ट्रक निम्म्यात थांबायला पाहिजे. तुझा वळण ओलांडून गेला."

यावोरने चमचा खाली ठेवला. "मला घर चालवायचंय, काकू. मालक म्हणाला, ऐकलं नाही एवढंच सांग, बाकी आम्ही बघतो."

"बाकी म्हणजे मी आणि स्तोइल." ती उठली. "चार वाजता पोलिसांच्या आवारात ये. स्तोइल म्हणतो, पोरगा वाईट नाही. मी अजून ठरवलेलं नाही."

*

चार वाजता इंजिनिअर मेतोदी आला. साठीचा, इस्त्रीचा कोट, काखेत चामडी फाइल. त्याने ल्युबेनशी हस्तांदोलन केलं आणि रुसालिनाकडे बघून मान किंचित हलवली.

"रुसालिनाबाई, तुमची तळमळ कळते मला. पण जोड जुळवणं वेगळं आणि गाडी समजणं वेगळं. सही करून मोकळ्या व्हा. सहा महिने काही फार नाहीत."

"मला एकदोन गोष्टी कळल्या नाहीत, साहेब. विचारू का?"

"विचारा की."

"बुधवारी तुम्ही फ्यूजचा डबा बघितलात तेव्हा निळा फ्यूज उडालेला होता?"

"होता. या डोळ्यांनी पाहिला."

"तो अपघाताच्या आधीच उडाला होता, हे नक्की?"

"अर्थात. अहवालात तेच लिहिलंय. म्हणून तर हॉर्न वाजला नाही."

"आपटल्यामुळे उडाला असेल? किंवा नंतर?"

"नाही. आधीच उडालेला. यात शंका घ्यायला जागा नाही."

"ल्युबेन, हे लिहून घेतलंस?"

ल्युबेनने घेतलं होतं. यावोर फाटकाशी आला होता. आत यावं की नाही अशा विचारात तो तिथेच उभा राहिला.

"मग बघा." रुसालिना व्हॅनमध्ये वाकली आणि लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. चारही कोपऱ्यांतले पिवळे दिवे उघडझाप करू लागले. तिने डॅशबोर्डखाली हात घातला, निळा फ्यूज ओढून बाहेर काढला.

दिवे विझले.

"या गाडीत हॉर्न आणि हे दिवे एकाच फ्यूजवर आहेत. फ्यूज उडाला की दोन्ही बंद. ल्युबेन, मंगळवारी स्तोइलला तू कसं शोधलंस?"

ल्युबेनच्या हातातलं पेन कागदावरच राहिलं. "दिव्यांवरून," तो म्हणाला. "हेच दिवे. मीच बंद केले."

"म्हणजे अपघातानंतर पाऊण तासानेही फ्यूज शाबूत होता. हॉर्नही शाबूत होता. मला आधी यावोरचा संशय आला होता, तो व्हॅनपाशी एकटा होता म्हणून. पण तू पोचलास तेव्हा दिवे चालू होते, म्हणजे त्याने काही केलेलं नाही. तिथून पुढे व्हॅन तुझ्या नजरेखाली होती आणि इथे तुझ्या कुलपात. आत एकच माणूस आला. त्याने तुला कागद आणायला पाठवलं, हॉर्न दाबून बघितला, तो वाजला. मग चांगला फ्यूज काढला आणि एक उडालेला बसवला. तपासणी केंद्रात असले फ्यूज डबाभर पडलेले असतात."

"हा मूर्खपणा आहे," मेतोदी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "दिवे दुसऱ्या फ्यूजवर असतात."

"नव्या गाड्यांत असतात. तुम्ही या गाड्यांखाली शेवटचं कधी शिरलात, साहेब? झाकण नव्हतं, वाचायला काही नव्हतं. हॉर्न बंद पडला एवढं तुम्ही बघितलंत. दिव्यांचं बटण दाबून बघावंसं वाटलं नाही."

"आणि मी हे कशासाठी करीन? स्तोइलशी माझं वैर आहे?"

"अजिबात नाही. तुम्हाला त्याचं नावही नीट माहीत नसेल. तुम्हाला भीती ट्रकची होती." ती फाटकाकडे वळली. "यावोर, आत ये. झऱ्यापाशी ब्रेक का दाबलास ते सांग."

यावोर आला. त्याने मेतोदीकडे बघायचं टाळलं.

"हॉर्न ऐकला," तो म्हणाला. "तीन वेळा. लगेच ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं आणि ट्रक काही धरेना. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, तरी वळणापर्यंत गेलोच. काका बाहेर सरकले नसते तर मी त्यांना चिरडलं असतं."

"हॉर्न वाजला होता असं ठरलं," रुसालिना म्हणाली, "की पुढचा प्रश्न असा येतो, ट्रक थांबला का नाही? मग कोणीतरी ब्रेक तपासणार. आणि ब्रेक ठीक आहेत असं शिक्का मारून कोणी लिहिलंय, ते बघणार. हॉर्न वाजलाच नाही म्हटलं की ट्रककडे कोणी फिरकतच नाही. मी आणि स्तोइल एकमेकांवर ढकलत बसतो, साहेबांचा कागद फाइलमध्ये गुपचूप पडून राहतो."

"त्या ट्रकची तपासणी मी स्वतः केली," मेतोदी म्हणाला. "चौदा मार्चला. ब्रेक नंतर खराब झाले असतील. तो माझा दोष नाही."

"चौदा मार्चला? केंद्रात?"

"केंद्रात."

"चौदा मार्चला घाट बंद होता. दरड पडली होती, तेरापासून पंधरापर्यंत. वरून खाली काही उतरू शकत नव्हतं. आणि हा ट्रक वरच्या बाजूला होता, तिन्ही दिवस साखळीने दगड ओढत होता. बुकोवोतल्या बावीस माणसांनी पाहिलाय. यावोर, तू ट्रक तपासणीला कधी नेलास?"

"या वर्षी नेलाच नाही. मालकाने कागद पाठवले, शिक्का मारून परत आले. ब्रेकचं मी जानेवारीपासून सांगतोय. मालक म्हणतो, पास झालाय ना, मग चालव." यावोरचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "दर हिवाळ्याला साहेबांच्या घरी लाकडाच्या दोन खेपा मीच टाकतो. चिरून, रचून."

मेतोदीने फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. ल्युबेन आता त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये उभा होता. तिथे तो कधी गेला ते कोणाला कळलं नव्हतं.

"एका फ्यूजवरून," मेतोदी म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीची माती करायला निघालात, बाई? या गावात तुमचं गॅरेज चालतं ते कोणाच्या परवान्यावर, हे विसरू नका."

"नाही विसरत. परवाना काढून घ्या. मी रस्त्यावर स्टूल टाकून बसेन आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हा फ्यूज दाखवीन." ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता. "म्हाताऱ्याला तुम्ही खोटारडा ठरवलंत. तो हाडं मोडून पडलाय आणि डॉक्टर त्याला सांगतो, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. ते त्याने मानलं नाही, मीही नाही मानलं. आता तुम्ही एक सांगा. कागदावर पास झालेला हा एकच ट्रक आहे का?"

मेतोदीने कोटाची बाही झटकली.

"साहेब, विचारतेय मी."

"वकिलाशिवाय मी काही बोलणार नाही."

"वकील उद्या येईल. आज शुक्रवार आहे, सव्वाचार व्हायला आलेत. तळावरून शेवटच्या खेपा आत्ताच सुटतात. शाळेच्या वसतिगृहातली मुलं याच वेळेला बसने घरी जातात. कोणत्या गाड्यांना ब्रेक नाहीत हे इथे फक्त तुम्हाला माहीत आहे."

यावोरने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, मग डोंगराकडे.

"आंगेल सव्वाचारला निघतो," तो म्हणाला. "त्याचा ट्रक माझ्यासारखाच आहे."

मेतोदीचा चेहरा तसाच होता, पण त्याने फाइल व्हॅनच्या चेपलेल्या नाकावर ठेवली आणि तिची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी त्याने दोरी ओढून काढली.

"नऊ आहेत," तो म्हणाला.

"नंबर सांगा," ल्युबेन म्हणाला. त्याने गाडीतला वायरलेस उचलून तोंडाशी धरला होता.

मेतोदीने फाइलमधल्या यादीवरून पहिला नंबर वाचला. ल्युबेनने तो मोठ्याने पुढे सांगितला, घाटाच्या दोन्ही तोंडांना गाड्या उभ्या करा, वर जाणारी बस खालीच अडवा. यावोर आपल्या मालकाला नाही, सरळ आंगेलला फोन लावत होता. फोन आंगेलच्या बायकोने उचलला आणि तो तिला म्हणत होता, निघाला असेल तर त्याला गाठ, कसंही कर.

"पुढचा," रुसालिना म्हणाली.

दुसऱ्या नंबरावर मेतोदी अडखळला. तिने फाइल आपल्याकडे ओढून घेतली, पानावर बोट ठेवलं आणि उरलेले आठ नंबर स्वतःच वाचून दाखवले.